भूर्जाला लावलेली नळी

१

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत नाक खुपसण्याचा पगार घेतला. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात अन्नतपासनीस होते. शाळांची कँटीनं, दूध डेअऱ्या, सॉसेजचे कारखाने, स्टेशनावरची उपाहारगृहं. नासलेलं दूध मला दारातूनच कळायचं. किळस हा माझा धंदा होता, आणि धंद्यातल्या किळसेने माणूस आजारी पडत नाही. तेव्हा पुढे मी किळस म्हणेन तिथे ती कुणा नाजूक बाईची समजू नये.

आमची बाग वोलोग्दा शहरापासून बसने चाळीस मिनिटांवर. लाकडी घर, बटाट्याचे चार वाफे, करंट या आंबट फळाची झुडपं, आणि कुंपणाला लागून तीन भूर्ज. ते माझ्या नवऱ्याने, रोदिओनने, चोवीस वर्षांपूर्वी ओल्या पोत्यात गुंडाळून आणून लावले. लोक सफरचंद लावतात. आमची शेजारीण झोया तिमोफेयेव्ना तेव्हापासून म्हणत आली आहे, "जंगलात फुकट उभं असतं ते बागेत लावणारा हा एकटाच शहाणा."

पण शहाणा जीव लावून झाडं वाढवत होता. भूर्जाची मुळं वरच्यावर असतात, म्हणून कोरड्या जुलैत प्रत्येकाला रोज चार बादल्या पाणी. बुंध्याशी कुजलेल्या पानांचं पांघरूण. अळ्या हाताने वेचायच्या. आणि ऑगस्टच्या आधी करवत अजिबात लावायची नाही, कारण वसंतात कापलेला भूर्ज महिनाभर रडतो. एप्रिलमध्ये मात्र दरवर्षी एका झाडाचा रस काढायचा. पाळीपाळीने, म्हणजे बाकीच्या दोघांना विश्रांती. बुंध्याला अंगठ्याएवढं खोल भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची, खाली तीन लिटरची बरणी. कळ्या फुटल्या की लाकडाची खुंटी ठोकून वर डांबर फासायचं. यंदा मधल्या झाडाची पाळी होती.

यंदा रोदिओनच्या कुशीतही भोक होतं. मूत्रपिंडापाशी गळू झालं, दोन महिने तो हॉस्पिटलात पडून होता. आतला पू काढायला डाव्या कुशीत नळी घातली होती. नळी काढली, पण भोक काही बुजेना. दिवसातून तीनदा मी ओली पट्टी काढून कोरडी घालायची. त्याला घरी सोडताना सर्जनबाईंनी मला बाजूला घेतलं.

"जूनपर्यंत बुजलं नाही तर पुन्हा उघडावं लागेल, फाइना अर्काद्येव्ना. आणि त्यांचं हृदय दुसऱ्यांदा टेबलावर टिकेल असं मी लिहून देणार नाही."

मी रोदिओनला सांगितलं, "जूनपर्यंत बुजेल म्हणाल्या." कागदावर मी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही. तोंडी बोलण्याची गोष्ट वेगळी.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच हा माणूस काठी टेकत कुंपणापाशी गेला आणि झाडाला भोक पाडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी भरली होती. त्याने माझ्यासाठी पेला आणला, दरवर्षी आणतो तसा.

कुंपणाखाली अजून गुडघाभर बर्फ होतं. एप्रिलचा रस प्यायला की दात ठणकतात. त्याची गंमतच ती. मी पेला हातात घेतला आणि तसाच धरून राहिले.

पेला कोमट होता.

बरणीवर ऊन आलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आकाश तीन दिवस राखाडी होतं, हेही मला माहीत होतं. मी तो रस मोरीत ओतला आणि पेला सोड्याने दोनदा घासला.

२

आठ दिवसांनी रोदिओनची पट्टी सकाळी काढली तर कोरडी. दुपारी कोरडी, संध्याकाळी कोरडी. मी चष्मा लावून पाहिलं. भोकावर पांढरी, पातळ कातडी धरली होती, दुधावर साय धरते तशी. मी स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटं रडले आणि मग कांदा चिरायला घेतला, म्हणजे त्याला विचारायला नको.

"रसाचा गुण," तो म्हणाला. "रोज दोन पेले. तू मात्र नाक मुरड."

रस खूप येत होता. इतका की बरण्या पुरेनात. मी त्याच्या सांगण्यावरून अर्ध्याला मनुका घालून क्वास, आमचं फसफसतं आंबट पेय, आंबवायला ठेवला, एक बरणी झोयाला दिली. ती कुंपणावरून ओरडून म्हणाली, "अर्काद्येव्ना, यंदाचा रस अंगाला लागतो गं. जरा खारट आहे, नाही? मिठाचा हात सैल सुटला की काय तुझा?"

"मी काही घातलं नाही."

"मग तुझ्या नवऱ्याने झाडापाशी आडोसा धरला असेल." आणि ती आपल्याच विनोदावर कोंबडीसारखी हसत सुटली.

मला हसू आलं नाही. खारट रस मी कधी ऐकला नव्हता. माझ्याकडे डेअरीच्या तपासणीतला जुना थर्मामीटर आहे, पितळी घरातला. झोया आत गेल्यावर मी तो घेतला आणि नळीच्या तोंडाशी धरला. बाहेरची हवा चार अंश होती. पारा वर चढला आणि थांबला. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. छत्तीस पूर्णांक सहा.

हा आकडा आमच्याकडे शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतो. आई काखेतून थर्मामीटर काढते आणि म्हणते, छत्तीस-सहा, ताप नाही, चल ऊठ, शाळेत जा.

थर्मामीटर जुना आहे, मी म्हटलं. बिघडला असेल. म्हणून मी तो घरात येऊन स्वतःच्या काखेत धरला. बिघडला नव्हता.

३

मे उजाडला, पानं फुटली. पान फुटलं की रस आटतो, हे इथे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या मधल्या झाडाचा आटला नाही. उलट गढूळला. भोकाच्या खाली बुंध्यावर केशरी, फेसाळ चिकट थर ओघळू लागला. तसा थर तोडलेल्या भूर्जाच्या खोडावर वसंतात येतो, आंबल्यामुळे येतो, त्यात नवल नाही. पण त्यावर माश्या बसायच्या त्या निळ्या, मांसावरच्या. झाडाच्या रसावर मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. खाटकाच्या ओट्यावर एकतीस वर्षं पाहिल्या होत्या.

मी रबरी मोजे चढवले, क्लोरिनचं पाणी घेतलं आणि नळी उपटायला गेले. नळीभोवती रोदिओनने चिंधी गुंडाळली होती. ती सोडली, नळी पुसली, आणि पाहते तो नळीवर काळे आकडे छापलेले. दोन, चार, सहा, आठ. सेंटिमीटरचे.

रस काढायला सगळेच सलाईनची नळी वापरतात. दवाखान्यात कुणी ओळखीचं असलं की मागून आणायची. पण ती शिसपेन्सिलीपेक्षा बारीक असते. ही माझ्या करंगळीएवढी होती.

रोदिओन टेबलाशी पावाला लोणी लावत बसला होता.

"ही नळी कुठली?" मी विचारलं.

"हॉस्पिटलातली. कुठली असणार?"

"रोद्या, ही तुझ्या पोटात होती."

"पोटात नाही, कुशीत." त्याने सुरी खाली ठेवली. "नर्स टाकून देत होती. चांगली धडधाकट नळी. म्हटलं, द्या इकडे, जाड नळीने बरणी लवकर भरेल. उकळली होती मी, फाया. चांगली वीस मिनिटं. तुझ्याच पातेल्यात."

"माझ्या कुठल्या पातेल्यात?"

तो पावाकडे बघत राहिला. माझ्याकडे दुधाचं एकच पातेलं आहे. महिनाभर मी त्यात सकाळची लापशी करत होते.

मी त्याला खूप बोलले. पण आतून मला माहीत होतं की आमच्या पिढीत कुणीच काही टाकत नाही. मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. त्याच्या जागी मी असते तर मीही ती नळी घरी आणली असती. फक्त पातेलं वेगळं घेतलं असतं.

पुन्हा बाहेर गेले. नळी ओढली. ती सहज येईना. आतून कुणीतरी ओठांनी धरून ठेवावं तशी चिकटून होती. शेवटी सुटली तेव्हा एक ओला, लहानसा आवाज झाला, आणि मी मोज्यांसकट हात झाडले. मग रोदिओन दरवर्षी ठोकतो तशी खुंटी ठोकली. डांबर फासलं. नळी चुलीत घातली. क्वासच्या अकरा बाटल्या खड्ड्यात ओतल्या. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

४

दुपारी दोन वाजता रोदिओन जेवता जेवता थांबला.

"फाया, गरम होतंय."

कपाळाला हात लावला तर भाजलं. एकोणचाळीस-दोन. सदरा वर केला. डाव्या कुशीवरची ती पांढरी साय ताणून चकचकीत झाली होती आणि तिच्याखाली मुठीएवढा फुगवटा. दर श्वासाला तो वाढत होता, मला डोळ्यांनी दिसत होता. रोदिओनचे दात वाजत होते आणि तो सारखा एकच सांगत होता, "मोकळं कर. मोकळं कर मला."

अँब्युलन्सला आमच्या बागांपर्यंत यायला दोन तास लागतात. मी फोन करायला झोयाकडे धावले, आणि कुंपणाशी पोचल्यावर माझे पाय थांबले. का थांबले ते मी कुठल्याही चौकशी समितीपुढे सांगू शकणार नाही. मी खुरपं घेतलं आणि झाडाच्या भोकातली खुंटी उचकटली.

ते माझ्या बाहीवर उडालं. पिवळं, दाट, गरम. आणि त्याचा वास मला ओळखीचा होता. दोन महिने हॉस्पिटलच्या खोलीत आणि दोन आठवडे माझ्या घरात मी तो वास बादलीत धुतला होता. मी बागेत वाकले आणि सकाळपासूनचं सगळं ओकले.

घरात आले तेव्हा रोदिओन उशीला टेकून बसला होता. घामाने चिंब, पण हसरा. फुगवटा उतरला होता.

"गेलं," तो म्हणाला. "आपोआप गेलं."

योगायोग, मी म्हटलं. ताप असाच चढतो आणि उतरतो. पण मी तपासनीस होते. एका नमुन्यावर अहवाल लिहीत नाही. दोन दिवसांनी तो वर्तमानपत्र वाचत असताना मी गुपचूप बाहेर गेले आणि झाडाच्या भोकावर अंगठा दाबून धरला. फक्त अंगठा. भिंतीवरच्या घड्याळात खिडकीतून बघत. चौथ्या मिनिटाला अंगठ्याखाली काहीतरी धडधडलं, आणि आतून रोदिओनची हाक आली, "फाया, इकडे ये गं. परत होतंय."

त्यानंतर मी असला प्रयोग केला नाही. केलेल्याची मला आजही लाज वाटते.

५

दोन जखमांची देखभाल करायची सवय झाली. खरं तर एकीचीच, कारण रोदिओनची आता देखभाल लागत नव्हती. तो कुदळ उचलायला लागला होता. त्याच्या कुशीवरची कातडी पांढरी, गुळगुळीत होत चालली, आणि तिच्यावर आडव्या बारीक काळ्या रेघा उमटल्या. आंघोळीनंतर ती कडेने सुटायची, भूर्जपत्रासारखी, आणि तो नखाने तिचा पापुद्रा ओढून काढायचा.

"ओढू नको," मी म्हणायचे.

"खाज येते."

ते पापुद्रे मी चिमट्याने उचलून चुलीत टाकायचे. फार लगेच आणि फार छान पेटायचे.

झाडाकडे मी सकाळ-संध्याकाळ जायचे. केशरी थर खरवडायचा, माश्या हाकलायच्या, क्लोरिन मारून भोकात निर्जंतुक पट्टी घालायची. पट्टी काढताना श्वास रोखायचा. मला किळस यायची, रोज तितकीच यायची, आणि रोज मी जायचे. झोया कुंपणावरून बघायची.

"झाडाला मलमपट्टी? नवरा बरा झाला म्हणून हात रिकामे वाटतात का गं?"

"बुरशी लागली आहे."

"मग तोडून टाक. सरपण होईल."

त्या रात्री मी घरातल्या दोन्ही करवती पलंगाखाली लपवल्या.

मेच्या शेवटी रानचेरी फुलते आणि थंडी आठवडाभर परत येते, दरवर्षी येते. त्या थंडीतली एक सकाळ. उत्तरेचा वारा होता. मी पट्टी बदलायला वाकले तेव्हा दिसलं की भोकाच्या खाली साल सुटली आहे, तळहाताएवढी. साल सुटली की खाली तपकिरी, कोरडं लाकूड दिसतं. इथे खाली फिकट गुलाबी होतं. मऊ असावं. मी हात लावला नाही.

वारा आला. आणि त्या तळहाताएवढ्या जागेवर काटा उभा राहिला.

मी नीट पाहिलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकते. एकदाच पाहिलं. बारीक बारीक पुळ्या, आणि प्रत्येकीवर एक आडवी झालेली पांढरी लव. रोदिओनच्या पाठीवर आहे तसली. मी डोळे मिटून गळ्यातली लोकरी शाल सोडली आणि बुंध्याला गुंडाळली, गाठ मारली. वारा लागू नये म्हणून. मग घरात येऊन हात धुतले, धुतले, धुतच राहिले.

६

जूनमध्ये त्रैक्याच्या ख्रिस्ती सणाच्या आदल्या शुक्रवारी आम्ही दोघं बसने शहरात गेलो, सर्जनबाईंना दाखवायला. त्यांनी रोदिओनला उताणा पाडला, दाबलं, ठोकलं.

"पूर्ण बुजलं," त्या म्हणाल्या. "आता उघडायचं कारण नाही. कातडीचा रंग जरा वेगळा आहे, पण तो जखमेचा वण. काय खाऊ घालता हो यांना?"

"लापशी," मी म्हणाले.

त्या फाइल मिटत असताना रोदिओन एकदम दचकला आणि डावा खांदा चोळू लागला. "गुदगुल्या होतात का?" बाईंनी हसून विचारलं. तो हसला नाही. बसमध्येही तो दर थोड्या वेळाने दचकत होता.

"अंगावरचा केस कुणी उपटावा तसं होतंय," तो म्हणाला. "एकेक करून."

मी मांडीवर केकचा खोका धरून बसले होते. बुजलं, बुजलं, एवढंच डोक्यात चाललं होतं. मी त्याला म्हटलं, "नसा भरून येत असतील."

बागेच्या फाटकातूनच दिसलं. मधल्या भूर्जाच्या झोयाच्या बाजूच्या सगळ्या खालच्या फांद्या गेल्या होत्या. आणि झोया तिच्या बाकावर बसून, आजूबाजूला हिरवा ढीग घालून, सुतळीने जुड्या बांधत होती.

सणाला घराच्या कोपऱ्यांत भूर्जाच्या फांद्या लावायच्या. उरलेल्यांच्या जुड्या बांधून माळ्यावर जोडीजोडीने टांगायच्या, म्हणजे वर्षभर दर शनिवारी वाफेच्या न्हाणीत अंग झोडपायला होतात. जुडीशिवाय न्हाणी म्हणजे मिठाशिवाय सूप. झोया कुंपणावर आलेल्या आमच्या फांद्या दरवर्षी नेते, आणि मीच दरवर्षी म्हणते, ने गं, ने. इतकी वर्षं म्हटलं होतं की यंदा नको म्हणायचं मला सुचलंच नाही. दोन करवती मी पलंगाखाली दडवल्या आणि तिसरी कुंपणापलीकडे आहे हे विसरले.

"आलात? काय म्हणाली डॉक्टरीण?"

"तिमोफेयेव्ना," मी म्हणाले, "त्या जुड्या मला परत दे."

"काय?"

"कीड आहे झाडाला. अंगावर येईल."

तिने एक फांदी माझ्या नाकापुढे धरली. "दाखव. एक भोकाचं पान दाखव. चाळीस वर्षं जुड्या बांधते मी, अशी मऊ पानं आजवर लागली नव्हती हाताला. फक्त चिकट आहेत बाई. जूनमध्ये कधी फांदीतून रस गळतो का? हात बघ माझे."

मी हात पाहिले नाहीत.

"विकत दे मग. म्हणशील ती किंमत."

इथे मी चुकले. तिचा चेहरा लाल झाला. "चोवीस वर्षांचा शेजार, आणि तुझ्याच झाडाची पानं मी तुला विकू? निवृत्त झालीस तरी जप्तीची खोड जात नाही तुझी. आणि सहा जोड्या तर माझ्या लेकीने, ल्युबाने, नेल्यासुद्धा, तासभर झाला, गाडी यारोस्लाव्हलच्या वाटेला लागली. जा, नवऱ्याला केक भरव. बरा झालाय ना तो?"

शेवटी तिने दयेपोटी एक जोडी माझ्या अंगावर टाकली. मी ती छातीशी धरून आणली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि थंड खोलीत ठेवली. दुसरं काय करायचं मला कळेना.

रोदिओनने सदरा काढला होता. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत टाचणीच्या टोकाएवढे पन्नास-साठ ठिपके, आणि प्रत्येकातून स्वच्छ पाणी झिरपत होतं. मी ते टिपलं. बोट चुकून ओठाला लागलं. खारट होतं.

७

शनिवारी चार वाजता झोयाच्या न्हाणीतून धूर निघाला. ऊन चांगलं वर होतं, मधमाश्या करंटवर होत्या. मी खिडक्या लावून घेतल्या.

"उकडतंय, उघड ना," रोदिओन म्हणाला. तो चहा पीत होता.

"डास येतात."

बंद काचेतूनही ऐकू आलं. आधी पत्र्याच्या घमेल्याचा आवाज. जुडी कडक असते, म्हणून आधी तिच्यावर उकळतं पाणी ओततात. किटलीचं पाणी घमेल्यात पडलं, आणि रोदिओनच्या हातून कप सुटला. तो ओरडलासुद्धा नाही. तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याची मान, कान, छाती लालबुंद होत गेली.

मी त्याला पालथं निजवलं. ओली चादर टाकली. पलीकडे दार आपटलं. मग क्षणभर शांत.

फट्.

चादरीखाली त्याचं अंग उडालं. फट्. फट्. मी चादर काढली. पाठीवर पानं उमटत होती. लाल, दातेरी कडांची, देठासकट, एकावर एक. अगदी स्पष्ट. झोया कामाला भारी आहे, ती हात राखून मारत नाही. मी त्याच्या पाठीवर आडवी पडले, माझं अंग मध्ये घातलं. माझ्या पाठीला काही लागलं नाही. माझ्याखाली तो उडतच होता.

वीस मिनिटांनी दार वाजलं. झोया अंगाला चादर गुंडाळून पायरीवर बसली असणार. तिचा तृप्त आवाज आला.

"अर्काद्येव्ना, राग गेला का? काय जुडी आहे गं. गरम पाण्यातून काढली, तरी आपली वेगळी ऊब आहे तिला. जिवंत माणसाने हात फिरवावा तशी."

मी चादर पुन्हा थंड पाण्यात पिळून त्याच्या पाठीवर टाकली.

ती आणखी दोनदा आत गेली. पाच वाजता न्हाणीचा धूर थांबला. खिडकीतून मला ती व्हरांड्यात दिसली, डोक्याला टॉवेल, पुढ्यात चहाचा कप, चेहरा गुलाबी. वापरलेली जुडी तिने कचऱ्यात टाकली होती. आता पुढच्या शनिवारपर्यंत सुटका.

मी रोदिओनच्या पाठीला थंड आंबट साय लावत होते. त्याने उशीतून एक डोळा वर केला. त्याला किती कळलं होतं मला माहीत नाही. आम्ही कधी त्यावर बोललो नव्हतो.

"फाया, किती बांधल्यात तिने?"

झोयाच्या माळ्यावर बावीस जोड्या होत्या. मी स्वतः कुंपणातून मोजल्या होत्या.

"ही शेवटची," मी म्हणाले. "बाकीच्या मी परत आणल्या. थंड खोलीत ठेवल्यात, ओल्या फडक्यात. जाऊन बघ हवं तर."

त्याने माझा हात शोधला आणि थोपटला. "तपासनीसबाईंनी जप्ती केली म्हणजे झालंच," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले. श्वास संथ झाला. बाहेर अगदी शांत होतं. झोया बशीत चहा ओतून फुंकत होती. मी तिच्याकडेच बघत होते.

माझ्या बोटांखाली त्याची पाठ उडाली. सायीतून एक पान लाल होत वर आलं, मग शेजारी दुसरं. आवाज मात्र कुठलाच नव्हता.

यारोस्लाव्हलला ल्युबाची न्हाणी शनिवारी पाचनंतर तापते.